चष्म्याच्या घरातली अर्धी गोळी

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ती गेल्यावर मनाला समजावलं, की आता सांगून कोणाला काय मिळणार. मुलानं एकदोनदा विषय काढला, तेव्हा मी पेपर वर धरला आणि वाचत असल्यासारखं केलं.

आमच्या नातेवाइकांत, भिलाईपासून नागपूरपर्यंत, ही गोष्ट अशी सांगतात: माझ्या मुतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर सुनेनं घरात कोणाला न विचारता मला स्टेरॉईड दिलं, माझा विश्वासघात केला, आणि त्यावरून घर फुटलं. यात खरं एवढंच, की स्टेरॉईड दिलं गेलं आणि घर फुटलं. विश्वासघातही झाला. पण कोणी कोणाचा केला ते लोक उलटं सांगतात. तसं सांगायला त्यांना मीच शिकवलं.

आधी आईचं सांगतो, नाहीतर स्टेरॉईड या शब्दाची आमच्या घरात एवढी धास्ती का होती ते कळणार नाही. वडील विदर्भातून भिलाईच्या स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आले तेव्हा आम्ही कॅम्प-१ या कामगारांच्या वस्तीत राहायचो. आईला दमा होता. बाजारात एक डॉक्टर बसायचा, त्याच्या पाटीवर डिग्री कुठली ते कधी कोणाला वाचता आलं नाही. तो कागदात बांधून पांढऱ्या गोळ्या द्यायचा. आईचा दमा बसला. तिला भूक लागायला लागली, चेहरा गोल झाला, गाल चकाकायला लागले. शेजारच्या बायका म्हणायच्या, मावशीची तब्येत सुधारली. मग एक दिवस ती पाटावर बसायला वाकली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. नुसतं बसताना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या गोळ्या पाहिल्या, हे स्टेरॉईड आहे, यानंच हाडं पोखरली असं म्हणाले आणि आम्हाला असं झापलं की वडील त्यानंतर त्या बाजारात पुन्हा गेले नाहीत. आई पुन्हा उभी राहिली नाही.

मी पुढे प्लांटच्या सेफ्टी विभागात लागलो. अपघात होता होता टळला तर त्याला प्लांटमध्ये नियर मिस म्हणतात. तो लपवू नका, लगेच सांगा, तुमच्यावर कोणी रागावणार नाही, हे कामगारांना पटवणं ही माझी नोकरी. लोक लपवायचेच. मी चिडायचो. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत माझं एक भाषण ठरलेलं असायचं: पुडीतलं औषध घेऊ नका, नाव नसलेली गोळी घेऊ नका. आईचा किस्सा सांगताना माझा आवाज भरून यायचा. बायको पहिल्या रांगेत बसलेली असायची.

निवृत्तीनंतर आम्ही वैशाली नगरात घर घेतलं. खाली आम्ही दोघं, वर मुलगा आणि सून. सून दुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातली, छत्तीसगढी घरातली. ती भूल देणारी डॉक्टर, एका खाजगी दवाखान्यात नोकरीला. लग्न दोघांनी आपसांत ठरवलेलं, त्यामुळे पहिलं वर्ष माझी बायको तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. पण पोरगी चिवट. बायकोच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरून तिनं आमची नागपुरी मराठी उचलली, अगदी मले-तुले सकट. एकदा बायको कशावरून तरी गप्प बसली होती तर ही ओट्याला टेकून म्हणाली, "आई, तुमी कावून रुसून राहिल्या? बोलून द्या न एकदाचं, पोळ्या जळून राहिल्या." बायको इतकी हसली की पोळी खरंच जळली. त्या दिवसापासून घरात ती मुलीसारखी झाली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर काय मोडलं ते कळलं पाहिजे.

आता गुडघे. प्लांटमध्ये आयुष्यभर लोखंडी जिने चढलो, त्याची वसुली गुडघ्यांनी निवृत्तीनंतर सुरू केली. माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, रेल्वेत गार्ड होता आणि दुर्गला स्थायिक झाला होता. तो गावाकडे जाऊन आला की पिशवी भरून आणायचा. लाखोळीची डाळ, सांडगे, मोसमात संत्री. आणि त्या पिशवीतून एक दिवस माझ्यासाठी पुडी आली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करड्या रंगाची पूड, सुंठीचा वास येणारी. कोमट दुधातून सकाळी घ्यायची.

मी ती घेतली. भाषणं करणारा मी. याचं कारण परक्या माणसाला सांगून पटेल की नाही कोण जाणे, पण भिलाईतल्या आमच्यासारख्या लोकांना पटेल. या शहरात कोणीच इथला नाही. सगळे कुठून कुठून आलेले. त्यामुळे गावाकडून जे येतं त्याला आम्ही डाळ, लोणचं, औषध अशी वेगळी नावं देत नाही. ते गावाकडचं असतं, बस. ते परत करत नाहीत आणि त्यात काय आहे असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे आणणाऱ्याचा अपमान. माझ्या डोक्यात पुडीतलं औषध म्हणजे कॅम्प-१ मधला तो डॉक्टर. ही पुडी त्यात बसतच नव्हती.

आणि तिनं काम केलं. आठवड्याच्या आत मी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण बघून आलो. बायको म्हणाली, सकाळी फिरायला जाता त्याचा फायदा. मी होकार दिला. पुडी मी सामानाच्या खोलीत, खिळ्याला टांगलेल्या माझ्या जुन्या सेफ्टी हेल्मेटमध्ये ठेवायचो. आता कळतं, की ती जर माझ्या मते खरंच औषध नव्हती तर मी ती लपवत कशासाठी होतो.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका सकाळी अंघोळ करताना डाव्या कुशीत अशी कळ आली की मी बादली धरून खाली बसलो. कळ कुशीतून निघून खाली जांघेपर्यंत जायची, थांबायची, पुन्हा यायची. प्लांटमध्ये भट्टीजवळ काम करणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही, घाम गाळून गाळून खडे होतात, पण मी आजवर ते दुसऱ्यांचंच पाहिलं होतं. सून वरून धावत आली, पाठीवर हलकीशी थाप मारून बघितली आणि म्हणाली, "खडा आहे, बाबा. चला."

तपासणीत निघालं, की खडा किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकलाय आणि वर सूज आहे. दुर्बिणीतून लेझरनं फोडायचा आणि नळीत काही दिवस बारीक पाइप ठेवायचा, ज्याला स्टेंट म्हणतात. सुनेच्याच दवाखान्यात, तिच्या वरिष्ठ सर्जनकडून. ती नात्यातली म्हणून भूल दुसरे डॉक्टर देणार होते, पण विचारपूस तिनंच केली, घरी, जेवणाच्या टेबलावर. साडभाऊ आणि त्याची बायको मला बघायला आले होते. पोहे चालले होते.

"बाबा, रोजची गोळी कोनती? बीपीची. आनी?"

"आनी काही नाही."

"पुडी, काढा, जडी-बूटी? लोक इसको दवाई नहीं मानते, म्हणून विचारून राहिली."

माझ्याआधी बायकोच बोलली. "यायले कावून विचारतं वो बाई? हे तर पुडीवर भाषन देतेत मंडळात. टाळ्या वाजवतेत लोक."

सगळे हसले. सूनही हसली. मीही हसलो. साडभाऊ आपल्या पोह्यांतले शेंगदाणे निवडत बसला. मला तेव्हा बोलता आलं असतं, असं मी अनेकदा म्हणतो. पण खरं सांगतो, त्या हसण्यानंतर मला बोलायचंच नव्हतं.

सून जाताना एवढं म्हणाली, की काही असेल तर ऑपरेशनच्या आधी बंद करा. मी शहाण्यासारखं त्याच दिवशी पुडी बंद केली. सावधगिरी म्हणून. स्वतःची पाठही थोपटली.

ऑपरेशन चांगलं झालं. खडा फुटला, पाइप बसला. वॉर्डात आणल्यावर पाइपचं दुखणं सुरू झालं. लघवीला जावं तर खालून वर कुशीपर्यंत कोणी तार ओढतंय असं वाटायचं. सर्जन म्हणाले, हे होतं, वेदनाशामक देतो. पण दुसऱ्या दिवशी भलतंच काही व्हायला लागलं. मला उलट्या होऊ लागल्या. हात उचलवेना. बीपी खाली जात राहिलं. रक्त गेलं का, आत पू झाला का, सगळं तपासून झालं. सलाइन चढत होतं आणि बीपी वर येत नव्हतं. सर्जनचा चेहरा मला दिसत होता. काय चुकलंय हे न कळणाऱ्या माणसाचा चेहरा मी नोकरीत खूप पाहिलाय.

दुपारी बायको कँटीनमध्ये जेवायला गेली होती, मुलगा खाली औषधं आणायला. सून आली, तिनं पडदा ओढला आणि माझा हात उलटा करून पाहिला. हातावर जांभळे डाग होते, कातडी कागदासारखी. ते डाग मी वर्षभर वयावर ढकलत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "आता सून नाही विचारून राहिली. डॉक्टर विचारून राहिली. पुडी घेता का?"

मी मान हलवली. हो.

"कधीपासून?"

मी सांगितलं.

ती रागावली नाही. हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं तिनं समजावलं. अशा पुड्यांत खूपदा स्टेरॉईड मिसळतात. ते बरीच वर्षं पोटात जात राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं सोडून देतं. तुम्ही ते एकदम बंद केलं आणि वरून ऑपरेशनचा ताण आला. आता शरीराजवळ काहीच नाही.

"ते गावाकडचं आहे," मी म्हणालो. आवाज येत नव्हता तरी म्हणालो.

"हो बाबा. गावाकडचंच," ती म्हणाली आणि उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं. माझ्यात तेवढीच ताकद होती आणि ती मी यासाठी वापरली.

"घरी कोणाले सांगू नको. तुह्या सासूले तर बिलकुल नको."

तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. "सर को तो बताना पड़ेगा. त्याच्याशिवाय इंजेक्शन कसं देणार? पण घरात नाही सांगनार. मरीजाची गोष्ट आहे ही. तुमी सांगाल तेव्हाच."

इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत बीपी वर आलं. उलट्या थांबल्या. आणखी एक झालं, ज्याची मला कल्पना नव्हती. पाइपचं ते तार ओढल्यासारखं दुखणं अर्ध्याहून कमी झालं. सर्जन राऊंडला आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, नळीची सूज स्टेरॉईडनं उतरते, काही डॉक्टर पाइपच्या दुखण्यासाठी थोडे दिवस मुद्दाम देतातही, पण तुमच्या बाबतीत तो वरचा फायदा आहे. तुम्हाला ते जगण्यासाठी दिलंय. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, एक दिवसही आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. मग त्यांनी सुनेकडे बघितलं आणि फाइल मिटली.

घरी आल्यावर सुनेनं गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं लिहिलं, सुजेची गोळी. माझ्यासाठीच लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण पुढे त्याच दोन शब्दांवर तिला फासावर चढवलं गेलं.

पाइप काढून झाला होता. मी अंगणात चालायला लागलो होतो. एक दिवस गोळ्या संपत आल्या म्हणून साडभाऊ पाकीट घेऊन मेडिकलच्या दुकानात गेला. तो परत आला तेव्हा सगळे बैठकीत होते. सून नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाणी पीत होती.

"साडभाऊ," तो दारातूनच म्हणाला, "दुकानवाला काय म्हणते माहीत आहे का? हे स्टेरॉईड हाय."

बायकोनं पाकीट त्याच्या हातातून घेतलं. तिनं माझ्या आईची शेवटची वर्षं काढली होती. आईला कूस बदलून देणं, पाठ पुसणं, सगळं तिनं केलं होतं. तिनं पाकीट सुनेसमोर धरलं.

"हे देल्लं का तू यायले?"

"हो आई."

"सासूबाईचं काय झालं ते ऐकलं होतं न तू? या घरात बसून ऐकलं होतं. कावून देल्लं मंग?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "गरज होती, आई."

"कोनती गरज?"

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. नजरेत विनवणी नव्हती. ती फक्त वाट बघत होती. मी सांगेन अशी तिला खात्री होती, असं मला वाटतं.

साडभाऊ म्हणाला, "आजकाल असंच हाय. पेशंट लवकर हिंडाफिराले लागला पाहिजे, मंग दवाखान्याचं नाव होते. घरच्याले बी सोडत नाही."

मुलगा मला म्हणाला, "बाबा, आपको पता था क्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको, जी पहिल्या रांगेत बसायची. साडभाऊ, ज्याला मी पुडी घेतो हे माहीत होतं आणि जो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. मी म्हणालो, "मले काय माहीत? मले तर सुजेची गोळी म्हनून सांगितलं."

आणि बायकोच्या हातातून पाकीट घेऊन मी ते मोरीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. जोरात टाकलं.

सुनेनं ग्लास टेबलावर ठेवला आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी मुलानं सर्जनला फोन केला. सर्जन म्हणाले, कारण वैद्यकीय होतं, तुमच्या वडिलांना विचारा. मुलानं विचारलं. मी म्हणालो, मोठे डॉक्टर असेच एकमेकांना सांभाळून घेतात.

त्याच सकाळी मी वाचायला बसलो आणि चष्म्याचं घर उघडलं, तर आत चष्म्याखाली कापसात गुंडाळलेली अर्धी गोळी होती. सून ड्यूटीवर निघून गेली होती. मी गोळी घेऊन मोरीत गेलो, नळ सोडला आणि घेतली. मी गोळ्या सोडल्या तर काय होईल ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. रोज सकाळी चष्म्याच्या घरात गोळी असायची. आधी अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड पाव. मी ती घ्यायचो, बाहेर यायचो आणि बायको म्हणायची, "चेहरा उतरला तुमचा. काय करून ठेवलं त्या पोरीनं." मी पेपर उघडायचो. कधी कधी सुस्काराही सोडायचो.

त्या दिवसांत बायको सुनेच्या हातचं पाणीही घेईना. सून आपलं जेवण वर घेऊन जायची. नातेवाइकांचे फोन यायचे आणि मी गोष्ट सांगायचो. प्रत्येक वेळी ती थोडी अधिक चांगली सांगता येऊ लागली. फसवला गेलेला म्हातारा होणं फार सोपं असतं. लोक खुर्ची देतात, चहा देतात, तुमची बाजू घेतात. काही दिवसांनी तर मला खरंच फसवल्यासारखं वाटायला लागलं. रात्रीच्या जेवणाला ती खाली आली नाही की मला राग यायचा.

खरं म्हणजे मीही फसवलाच गेलो होतो, फक्त दुसऱ्याकडून. एका संध्याकाळी मी दुर्गला साडभाऊच्या घरी गेलो. तो ओसरीत एकटा बसला होता. पुडीत काय आहे हे तुला माहीत होतं का, असं मी सरळ विचारलं.

"मले काय माहीत? म्या तर सोता खाऊन राहिलो." तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गोल झाला होता, गाल चकाकत होते. माझ्या आईसारखे.

"गावच्या वैद्याले विचारू आपण," मी म्हणालो.

तो हसला. "कोनता गावचा वैद्य, साडभाऊ? दर महिन्याले गावाले कोन जाते? रसमड्याले एक जन बसते, कारखान्याच्या मागं. तिथून आनतो. तुमी म्हनले होते न गावाकडचं आना, म्हनून सुंठ बी टाकाले सांगतो त्याले."

दोन-तीन वर्षं मी देवाच्या तीर्थासारखी जी पुडी घेत होतो ती दुर्गजवळच्या रसमड्याला, कारखान्याच्या धुरकट शेडच्या मागे, कोणी तरी कालवत होता. आणि सुंठ वरून टाकायचा, मला गावचा वास यावा म्हणून.

"मी घरी खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. पन मंग मी बी सांगन, पहिली पुडी तुमीच मांगली म्हनून."

वर मी लिहिलं, की त्यानं पिशवीतून पुडी आणली. आता दुरुस्त करतो. तो स्वतः घ्यायला लागला आणि जिना चढताना दिसला, तेव्हा मीच त्याला बाजूला घेऊन म्हणालो होतो, मले बी आन. पण बायकोले सांगू नको. मी उठून घरी आलो.

मुलगा आणि सून रायपूरला गेले. तिनं तिथं नोकरी धरली. निघायच्या आदल्या दिवशी ती खाली आली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. सून माझ्या पाया पडली आणि उभी राहून म्हणाली, "बाबा, गोळी आता बंद. पण ताप आला, उलटी झाली, कोनतं ऑपरेशन असलं, तर डॉक्टरले पुडीचं सांगा. खरं सांगा. नाहीतर त्याले समजनार नाही." तिनं स्वतःविषयी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मी चष्म्याचं घर उघडलं. आत फक्त चष्मा होता.

मुलगा फोन करायचा, पण आमच्यात आता बोलण्यासारखं थोडंच उरलं होतं. साडभाऊ काही वर्षांनी गेला. त्याच्या तेराव्याला मी जेवलो आणि त्याच्याबद्दल चांगलं बोललो.

मग बायको आजारी पडली. हृदय थकलं होतं. अंथरुणावर असताना एका सकाळी ती मला म्हणाली, "तिले बोलवून घ्या. तिनं तुमाले फसवलं, ते मी विसरली नाही. पन आता मनात ठेवून जायचं नाही मले. मी तिले माफ करून टाकते."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगायला त्यापेक्षा सोपी वेळ नव्हती आणि त्यापेक्षा अवघडही नव्हती. मी मुलाला फोन केला.

सून आली. पलंगाच्या कडेला बसली. आधी तिनं बायकोची नाडी बघितली, पायांची सूज बघितली, उशी नीट केली. बायकोनं तिचा हात धरला आणि जे ठरवलं होतं ते म्हणाली. जे केलं ते केलं, पोरी, मी माफ केलं तुले.

मी दारात उभा होतो. सुनेनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी बैठकीत पाहिलं होतं तसंच. मी चौकट धरून उभा राहिलो. मग तिनं मान खाली घातली आणि बायकोच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"हो आई," ती म्हणाली.

न केलेल्या गुन्ह्याची माफी तिनं घेतली, मरणाऱ्या बाईला शांत झोप यावी म्हणून. बायकोला आली. थोड्याच दिवसांत ती गेली.

दिवसपाणी आटोपल्यावर सून रायपूरला परत निघाली. त्याआधी कितीतरी दिवस मी एक वाक्य तयार केलं होतं. मराठीत नाही. मराठीत मी तिच्याशी फार खोटं बोललो होतो. ती आपल्या आईशी फोनवर बोलायची तेव्हा कानावर पडलेल्या तिच्या छत्तीसगढीतून ते जुळवलं होतं: गलती मोर रिहिस बेटी, तोर नइ रिहिस. चूक माझी होती, तुझी नव्हती. अंघोळ करताना म्हणून बघायचो. नळ सोडून, जसा गोळी घेताना सोडायचो.

फाटकाशी ऑटो उभी होती. मुलगा सामान चढवत होता. ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

ती थांबली. मी काहीतरी म्हणणार हे तिला दिसलं असावं. तिनं वाट बघितली, आणि मग बहुतेक मला त्रास होऊ नये म्हणून तीच म्हणाली, "बाबा, पाणी भरपूर पिऊन राहिले न? खडा परत नाही झाला पाहिजे."

"हो," मी म्हणालो, "पिऊन राहिलो."

आणि फाटकाची कडी लावली.